डहाक्यावर जितीचं नाव

शालिकराम बोळे अकोल्याच्या भाजीबाजारात वांगी घेऊन बसायचा, पण ओरडायचा नाही. आजूबाजूचे माळी घसे फोडत असत, आणि हा आपल्या ढिगाकडे असा बघत राही, की जणू वांगी आपण होऊन उठतील आणि गिऱ्हाइकाच्या पिशवीत जाऊन बसतील. वांगी तशी बसत नसत. संध्याकाळी ती त्याच्याबरोबरच घरी येत, आणि गोदाबाई, म्हणजे त्याची बायको, त्यांच्या देठांकडे बघून म्हणे, "मेलेल्यायले रातभर आवाज देता. मंग जित्या गिऱ्हाइकाले द्याले काय होते तुमाले?"

बाईचं बोलणं खरं होतं. शालिकराम डहाका वाजवायचा. डहाका हा डमरूचा थोरला भाऊ समजा. मांडी घालून बसायचं, तो आडवा पायावर घ्यायचा, एका तोंडावर काडी आणि दुसऱ्यावर तळहात. ढोलकीसारखा तो नाचत नाही. खोल विहिरीच्या तळाशी कुणी घसा खाकरावा तसा बोलतो. घरचा देव रुसला, किंवा गेलेलं माणूस स्वप्नात येऊन दाराशी उपाशी उभं राहिलं, की डहाकेवाल्याला बोलावणं जायचं. तो वाजवी, गाई, नाव घेऊन बोलावी. घरातलं कुणीतरी घुमायला लागे. मग विचारायचं, कोण तू, काय पाहिजे. मागणं कबूल करायचं आणि पाहुण्याला निरोप द्यायचा.

मेलेल्या माणसांची हौस फार साधी असते, असं शालिकरामचं मत होतं. हिरवी चोळी, नारळ, पुरणाची पोळी. एका म्हाताऱ्यानं बिडी मागितली होती, तीही अर्धीच. "इतक्या वर्सात वांगे कोनंच नाई मागतले," गोदाबाई म्हणायची. "तिकडंबी खपत नाईत तुमचे."

या कामाचे दोन नियम त्याला बापानं घालून दिले होते. ज्याला बोलावलं त्याला परत पाठवल्याशिवाय बैठकीवरून उठायचं नाही. आणि जित्या माणसाचं नाव डहाक्यावर कधी घ्यायचं नाही. डहाक्याची हाक पलीकडच्यांना ऐकू जाते. तिच्यात जितं नाव गेलं, तर पलीकडून कुणीतरी न्यायला येतं.

मानमोडीच्या साथीनं वऱ्हाडातल्या घराघरांतून माणसं नेली, त्यानंतर शालिकरामला उसंत नव्हती. तापात दोन दिवसांत गेलेली ती माणसं. कुणाचं काही बोलायचं राहिलं होतं, कुणाचं जेवायचं. साथ विसरली गेली, सरकारनं नवे रस्ते केले, पातूरकडे मोटार धावायला लागली, तरी नावं संपेनात. मोटारीचा ड्रायव्हर शालिकरामला नेहमी पुढच्या बाकावर बसवी. हा मान डहाक्याचा नव्हता. डहाका मागे ठेवला, की बायका खाली उतरून पुढच्या मोटारीची वाट बघत, म्हणून ही सोय.

एका सकाळी हिंगणवाडीचा देवीदास त्याच्या वांग्यांपुढे येऊन उभा राहिला. घरची काळी जमीन, अंगात कोट, डोळ्यांत झोप नाही.

"शालिकजी, घरी काम हाये."

"कोनाचं?"

"पोरीचं. आठ वर्साची हाये. तिच्या आंगात काई तरी हाये."

"काय करते?"

"काईच नाई करत. थेच तं."

पोरगी बोलत नव्हती. हाक मारली तर वळत नव्हती. अकोल्याच्या डॉक्टरांनी तिच्या कानाशी घड्याळ धरून पाहिलं होतं, घसा पाहिला होता, आणि प्रामाणिकपणे सांगितलं होतं की कान ठीक आहेत, जीभ ठीक आहे, पुढचं मला कळत नाही. इतकं खरं बोलणाऱ्या डॉक्टरवर देवीदासचा विश्वास कसा बसणार? तो तिथून थेट भाजीबाजारात आला होता.

दिवेलागणीला शालिकराम पातूरच्या मोटारीनं हिंगणवाडीला पोहोचला. माजघरात धान्याची कोठी होती आणि कोठीच्या मागे कासी. गुडघे पोटाशी, दोन्ही हात कानांवर, आणि अंग मागेपुढे, मागेपुढे. तिची आई वच्छला तिला भाकर भरवायला गेली, तशी पोरीनं आपलंच मनगट चावलं. वच्छलाच्या हातावरही जुने दात उमटलेले होते. बांगड्या सारून ती ते झाकत होती, आणि बांगड्या कमी पडत होत्या.

"बसा," देवीदासची आई मनकर्णाबाई म्हणाली. "घरात मानूस नाई असं म्हनू नका. सबन हाये. फकस्त बोलनारं नाई."

शालिकरामनं धूप लावला आणि डहाक्यावर काडी टाकली. सवयीनं त्यानं आधी म्हातारीकडे पाहिलं. घुमतं ते बहुधा म्हाताऱ्या नाहीतर नव्या सुना. म्हातारी ताठ बसली होती. वच्छलाही. मग कोठीमागची सळसळ थांबली. कासीनं कानांवरचे हात काढले होते.

ती उठली. कुणाच्या हाकेला कधी न उठलेली पोर माजघर ओलांडून आली, शालिकरामच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली, आणि तिनं आपला तळहात डहाक्याच्या कातड्यावर ठेवला. त्याच्या हाताशेजारी. कातडं थरथरलं तसा तिचा हात थरथरला, मग दंड, मग खांदे. ती घशातल्या घशात 'हूं' करू लागली. आणि हसली.

मनकर्णाबाई ओरडलीच. "पार्बती! माय वं, पार्बतीचं हासनं!"

पार्बती म्हणजे देवीदासची धाकटी बहीण. मानमोडीत गेली तेव्हा लग्नाची बोलणी चालली होती. देवीदासचा चेहरा पांढरा पडला, कारण हसणं खरंच तिचं होतं. वरचा ओठ एका बाजूनं आधी उचलायचा, मग आवाज.

इतक्या बैठकींत शालिकरामला कधी भीती वाटली नव्हती, ती आज वाटली. त्यानं रीतसर विचारलं, "कोन तू? काय पाह्यजे तुले?" पोरीनं उत्तर दिलं नाही. कातड्यावर थाप मारली. पुन्हा विचारलं. पुन्हा थाप. त्यानं निरोपाचं गाणं म्हटलं आणि काडी ठेवली. कासीच्या चेहऱ्यावरचं हसू, कुणी दिवा उचलून दुसऱ्या खोलीत न्यावा तसं निघून गेलं. ती कोठीमागे गेली. हात कानांवर.

"गेली," देवीदास सुटल्यासारखा म्हणाला. "आता बरी हाये पोरगी."

बरी म्हणजे पुन्हा मागेपुढे डोलणारी. शालिकरामला त्या रात्री झोप लागली नाही. गोदाबाईनं विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "काईच नाई मागतलं तिनं." न मागणारं भूत त्याला नवीन होतं.

त्यानंतर म्हातारीनं त्याला पुन्हा बोलावलं, आणि पुन्हा. दर खेपेला पोर येई, हसे, तळहात ठेवी. मनकर्णाबाई तिला पार्बती म्हणायची, तिच्या तोंडात गूळ घालायची, पेटीतली हिरवी चोळी काढून तिच्या अंगाला लावून बघायची. डहाका चालू असेतो कासी तो गूळ खायची. थांबला की थुंकायची. वच्छला दाराशी उभी राहून हे बघत असे. आपल्या पोरीच्या तोंडून दुसरीच पोर जेवते आणि आपली उपाशी राहते, हे बघणं सोपं नव्हतं.

शेवटी देवीदासनंच ठरवलं. "शालिकजी, बांधून टाका हे."

बांधणं म्हणजे कायमचा बंदोबस्त. भुताचं नाव घेऊन अंगणातल्या निंबात खिळा ठोकायचा. त्यानंतर त्या पोरीच्या कानावर डहाका कधी पडू द्यायचा नाही. पडला तर खिळा सैल होतो.

"बांधा," वच्छला म्हणाली. "लवकर बांधा. माह्या पोरीच्या आंगात दुसऱ्याची पोरगी नको मले."

मनकर्णाबाई उठली. चोळी घडी करून पेटीत ठेवायला गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

बांधणं भर दुपारी असतं. सावली पायाखाली येते तेव्हा भुताला लपायला जागा नसते, असं म्हणतात. अमावास्या होती. गडीमाणसं घरीच होती, पण अंगणात कुणी फिरकत नव्हतं. गावातली पिठाची गिरणीदेखील त्या दिवशी बंद. इतकी शांतता, की शेजारच्या कोंबडीनं पंख झाडले तरी सगळ्यांनी वळून पाहावं. ओसरीवर खिळा, हातोडा, लिंबू मांडलेलं. त्यातला हातोडा देवीदासनं सुताराकडून मागून आणला होता आणि संध्याकाळच्या आत परत द्यायचं कबूल केलं होतं. भुताच्या मुदतीपेक्षा सुताराची मुदत त्याला जास्त कडक वाटत असावी. तो सारखा उन्हाकडे बघत होता.

शालिकराम शेवटचं वाजवू लागला. कासी आली, बसली, हात ठेवला. त्यानं पार्बतीला गाऊन गाऊन बोलावलं, आता सगळं सांग म्हणाला, यापुढे कुणी विचारणार नाही म्हणाला. घामानं काडी निसटायला लागली, म्हणून घाम पुसायला तो थांबला.

पोर थांबली नाही.

तिच्या तळहाताच्या चार थापा पडल्या, सारख्या. मग एक गिळल्यासारखी जागा. मग एक उशिरा आलेली, लंगडी थाप. आणि 'हूं'. पुन्हा चार, जागा, लंगडी एक. एवढं करून ती थांबली आणि त्याच्या हाताकडे बघत राहिली. त्यानं नकळत तेच वाजवून दाखवलं. ती हसली. मग त्यानं चार वाजवून सोडून दिलं, आणि लंगडी थाप तिनं घातली. बरोब्बर तिथे.

"थांबा," वच्छला म्हणाली. ती दारातून पुढे आली होती. "हे तं गिरनी हाये."

"काय?"

"आपली गिरनी! इंजन. चार दम टाकते, एक गियते, मंग खोकलते. गावात कोनाले नाई मालूम? कासी कोठीमांगं बसून रोज आयकते."

बाई बरोबर बोलत होती. गिरणीचं इंजिन अमरावतीच्या कुठल्याशा कापसाच्या जिनातून जुनं विकत आणलेलं, आणि पहिल्या दिवसापासून लंगडत होतं. गिरणीवाला त्याला बैलासारखी शिवी देई. आज ते बंद होतं, आणि पोरीनं ते ओसरीवर चालू केलं होतं.

वच्छला सासूकडे वळली. "आत्याबाई, पार्बतीबाई गेल्या तवा गिरनी कुठं व्हती गावात? तवा तं तुमी अन् त्या जात्यावर दळत व्हत्या."

"मेलेल्यायले सबन आयकू येते," म्हातारी म्हणाली.

"मंग विचारलं तं नाव काहून नाई सांगत? चोळी काहून नाई मागत? तुमची पोरगी तुमाले एकडाव माय म्हनली का?"

मनकर्णाबाईचा चेहरा कुणी थप्पड मारावी तसा झाला. जास्त बोललं गेलं हे वच्छलाला कळलं होतं. पण थांबणं तिच्या हातात राहिलं नव्हतं. ती शालिकरामपुढे बसली.

"डहाका वाजते तवा जे येते थे भूत नोहे. थे माही पोरगी हाये. जाते थे कोठीमांगं जाते. तुमी आज तिलेच खिया मारून राहिले, शालिकजी."

"मले कसं कळन बाई?" शालिकराम म्हणाला. "मी तं नाव घेतो. जो येते तो येते."

"मंग तिचं नाव घ्या. कासीचं. पाहू कोन येते."

शालिकरामनं काडी खाली ठेवली. "जितीचं नाव डहाक्यावर नाई घेत."

"डोस्कं फिरलं काय तुयं?" देवीदास बायकोवर ओरडला. "मारून टाकतं का पोरगीले?"

"घेऊ नको रे शालिक," म्हातारी एकदम म्हणाली. तिचे हात जोडलेले होते. "माही एक गेली. हे कोनाचीबी असो, हे राहू दे."

वच्छला सासूकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "आठ वर्स तिचं नाव मी घेऊन राहिली. चुलीपासून, दारातून, तिच्या कानाशी लागून. एकडाव नाई वळली माह्याकडं. खिया ठोकला तं हे दारबी बंद होईन. मंग मी कुठून आवाज देऊ तिले?"

ऊन ओसरीच्या कडेला आलं होतं. खिळा तापला असेल. शालिकरामला बाप आठवला. नियम मोडून मेलेले लोक त्याला ठाऊक नव्हते. कारण नियम कुणी मोडलाच नव्हता. त्याला वाटलं, अंगणाच्या पलीकडे निंबाखाली कुणीतरी उभं आहे आणि नाव कोणतं पडतं ते ऐकायला कान देऊन आहे. त्यानं तिकडे पाहिलं नाही. काडी उचलली. गिरणीचे चार दम वाजवले, जागा सोडली, आणि त्या जागेत, मेलेल्यांना घालतात त्याच लांबलेल्या सुरात त्यानं हाक घातली.

"कासी... ये वं माय... कासी..."

पोरीनं कातड्यावरची नजर उचलली. आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, हा आवाज कुठून येतो ते शोधावं तसं. त्यानं पुन्हा हाक घातली. वच्छलानं मागून, त्याच सुरात, फाटक्या आवाजात हाक घातली. "कासी..."

कासी वळली. आईकडे. बघत राहिली, आठ वर्षांचं बघायचं राहिलेलं असल्यासारखी. मग तिनं आईचा तो दातांच्या खुणांचा हात मनगटाला धरून उचलला आणि कातड्यावर ठेवला, एखादी वस्तू जागेवर ठेवावी तसा. वर लंगडी थाप मारली.

देवीदासनं खिळा उचलून कोटाच्या खिशात टाकला, मग काढला, मग कुठे ठेवावा ते न सुचून हातातच धरून बसला.

आता निरोपाचं गाणं म्हणायचं होतं. बोलावलं त्याला परत पाठवायचं. शालिकरामनं तोंड उघडलं आणि त्याला कळलं, की परत म्हणजे कोठीमागे. तो गाणं न म्हणता उठला. एकाच दुपारी दोन्ही नियम मोडले होते.

पायरीवर मनकर्णाबाईनं त्याला गाठलं. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "मंग रे शालिक, माही पार्बती कुठं गेली? इतक्या डाव आली व्हती नं?"

इतकी वर्षं मेलेल्यांच्या वतीनं उत्तरं दिलेला माणूस डहाका काखेत घेऊन पायरी उतरला.

कासी पुढे शहाणी झाली, बोलू लागली, लग्न झालं, असं सांगता आलं असतं तर मलाही बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. ती आठ-दहा शब्द बोलली असेल जन्मात. पण गाऊन हाक मारली की ती येऊ लागली. साध्या आवाजात मारली तर नाही. म्हणून त्या घरात सगळेच गाऊन बोलू लागले. "कासी... जेवाले ये..." देवीदास शेतातून आला की बैलांना शिव्या द्यायचा आणि पोरीला सूर लावायचा. त्याचा सूर असा होता, की शेजारी म्हणत, यापेक्षा भूत बरं होतं. मनगट चावणं कमी झालं. आईच्या हाताला धरून ती तास तास ताल धरी. म्हातारीही कधी कधी हात पुढे करी. गूळ आता ती कासी म्हणून देई. कासीला हसू आलं की मात्र तोंड फिरवी.

शालिकराम पातूरच्या दर बाजाराच्या दिवशी तिथे जाऊन दुपारभर वाजवायचा. कुणाला बोलवायचं नाही, कुणाला पाठवायचं नाही, नुसतं पोरीशी थापेला थाप. बातमी पसरली. जितीचं नाव घेणारा माणूस आपल्या देवापुढे कोण बसवील? बोलावणी बंद झाली. "घ्या," गोदाबाई म्हणाली, "आता मेलेलेबी तुमाले इचारत नाईत." आणि पहाटे उठून तिनं त्याच्या वांग्यांबरोबर दोन टोपल्या झेंडू भरून दिला, तेवढाच खप.

पण भीती गेली नाही. ती त्याला चिकटूनच राहिली. हिंगणवाडीच्या फाट्यावर मोटार त्याला सोडून जायची, आणि तो पुढे न जाता तिथेच उभा राहायचा. घराकडून रडणं ऐकू येतं का, ते ऐकायचा. हाक त्यानं घातली होती. न्यायला कुणी आलं असेल तर आजच आलं असेल, असं त्याला दर खेपेला नव्यानं वाटे. मग वाऱ्याबरोबर कोठीच्या पत्र्यावर तळहात पडल्याचा आवाज येई. वाट बघून कंटाळलेली पोर. चार, जागा, एक. तो आवाज आला, की त्याला श्वास सापडे.

आणि पाऊल उचललं, की मागे दुसरं पाऊल उचलल्याचा भास होई. हलकं, लग्नाच्या वयाच्या पोरीचं. त्या घरात आता तिचं नाव कुणी घेत नव्हतं, आणि तो स्वतःही नाही. मागे वळून पाहायचा धीर त्याला कधी झाला नाही. डहाका काखेत सावरून, समोरच बघत, तो एवढंच म्हणायचा, "ये तूबी. पन गुमान बैस. पाळी तिची हाये."